राजदंड उचलायचा दम

आमच्या डिपार्टमेंटचे किस्से म्हंजे हॉस्टेलच्या दोरीवरची कापडं. एक वाळतंय न वाळतंय तोवर त्याच्यावर दुसरं येऊन पडतंय, आणि खालचं कुणाचं होतं ते कुणालाच आठवत न्हाय. म्हणून म्हटलं, ढीग पार खाली यायच्या आधी सांगून टाकावं.

मी ओंकार. ओंक्या म्हटलं तरच ओ देतो. बारावीला इंग्लिशनं एकदा उडवलं, वर्षभर वडिलांच्या, म्हंजे आबांच्या, पंक्चरच्या दुकानात ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडं बघत बसलो, आणि मग बी.ए.ला आलो. इतिहास-राज्यशास्त्र का घेतलं? ॲडमिशनच्या खिडकीवर त्या लाइनीत सगळ्यात कमी पोरं होती म्हणून! खोटं कशाला बोलू?

एका जाग्यावर बसणं मला जमत न्हाय. माझा पाय हलतोय, पायानं बाक हलतोय, आणि बाकावर बसलेली बाकीची पोरंबी हलत्यात.

पण आमच्याकडं नुसतं बसवून शिकवत न्हाईत, हे बरं हाय. कॉलेजच्या हॉलमधी आमची स्वतःची विधानसभा भरत्या. अध्यक्ष, मंत्री, विरोधी पक्ष, प्रश्नोत्तरं, सगळं खऱ्यासारखं. नावानं कुणी कुणाला बोलवायचं न्हाय, मतदारसंघानं बोलवायचं. मी सन्माननीय सदस्य हातकणंगले. माझा दोस्त सागर मगदूम, सन्माननीय सदस्य कोडोली. कोडोली नावाचा मतदारसंघच न्हाय, पण सागऱ्याला पटवायला कोण जाणार? शनिवारी एका खऱ्या आमदारांच्या ऑफिसात काम करायला जायचं. आणि वर्षाच्या शेवटी निवडलेल्या चौघांना मुंबईला, अधिवेशन चालू असताना, विधानभवनात न्यायचं.

त्या चौघांत माझं नाव होतं. हे ध्यानात ठेवा. सगळा घोळ त्याच्यावरनंच हाय.

*

राजदंड टीव्हीवर बघितला असंल. अध्यक्षांच्या समोर ठेवलेला असतोय. विरोधक लई तापले की कुणीतरी उठतंय, राजदंड उचलतंय आणि पळतंय. मग सभागृह तहकूब!

आमचा राजदंड म्हंजे एका तालमीनं दिलेली, पोरांच्या सरावाची, खांद्यावर घुमवायची जुनी लाकडी मुदगल. तिला सोनेरी ऑइलपेंट आणि वरच्या टोकाला पितळेचा तांब्या उपडा बसवलेला. लांबनं बघितलं तर जगात भारी! जवळनं बघितलं तर तांब्यावर 'चि. सौ. कां.' कोरलेलं दिसतंय. कुणाच्यातरी लग्नातला आहेर!

पण नेजकर सरांपुढं त्याच्यावर हसायची सोय न्हाय. नेजकर सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवत्यात. वर्षभरात रिटायर होणार. मुंबईला पोरांच्या संगं जाणारे तेच. बोलणं पुस्तकातल्यासारखं, इस्त्री केलेलं. पंख्याखाली उभं राहिलं तरी त्यांचा केस हलत न्हाय. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंतं, "राजदंडाला हात लावणारा त्या क्षणापासून या सभागृहाचा सदस्य नाही. आणि मुंबईच्या यादीतही नाही."

तर एकदा कॅन्टीनमधी आम्ही कटवडा खायलोय. सागऱ्या म्हटला, "ओंक्या, विरोधी पक्ष म्हणवून घेतोस आणि राजदंड अजून टेबलावरच?"

"मग काय करू?"

"पळव की!"

"पळवतो की."

"तू? गप वडा खा. अरे ह्या आख्ख्या कॉलेजात राजदंड उचलायचा दम एकाच्यातबी न्हाय!"

मुंबईच्या यादीत नाव असलेल्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप वडा खाल्ला असता. मी बाकावर चढलो आणि वरडलो, "उद्या सकाळी पळवतो! न्हाय पळवला तर ओंक्या नाव सांगणार न्हाय!"

कॅन्टीननं टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मी वाकून नमस्कार करायला गेलो आणि बघतोय तर बेसिनला नेजकर सर हात धूत उभे! नळ चालू, हात नळाखाली, आणि सर तसेच थांबलेले.

आम्ही झटक्यात वड्यात तोंडं घातली. सरांनी नळ बंद केला, रुमालानं एकेक बोट पुसलं आणि आमच्याकडं न बघता गेले.

"ऐकलं काय रं?"

"छ्या!" सागऱ्या म्हटला. "नियमाच्या पुस्तकाबाहेरचं सरांना ऐकूच येत न्हाय."

*

दुसऱ्या दिवशी मी झाडूवाल्या मावशींच्याबी आधी कॉलेजात पोचलो. हातात आबांच्या दुकानातलं सिमेंटचं रिकामं पोतं.

हॉलचं दार उघडं. समोर टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर राजदंड ठेवायच्या दोन लाकडी खुंट्या. आणि राजदंड न्हाय!

मी टेबलाखाली वाकून बघायलोय, तेवढ्यात मागनं आवाज आला, "काय शोधायलास?"

ऋतुजा इंगवले. कागलची. आमच्या सभागृहाची अध्यक्ष. तिच्या 'बसा खाली'ला कॉलेजचा कुत्राबी बसतोय.

"राजदंड कुठाय?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"म्हंजे मी घेतला न्हाय. मी यायच्या आधीच गेलता."

"मग हे पोतं कशाला आणलंस?"

आता तुम्हीच सांगा, ह्याच्यावर काय बोलणार? मी म्हटलं, "घेऊन जायला."

ऋतुजानं डोळं मिटलं. "मी सरांना सांगून येतो," म्हटली आणि गेली.

सर आले. मोकळ्या खुंट्यांकडं लई वेळ बघत राहिले. मागनं प्राचार्य मॅडम आल्या आणि तितल्या तितं त्यांनी चौकशी समिती जाहीर केली. समितीचे अध्यक्ष, नेजकर सर.

सर म्हणाले, "मॅडम, मी नको."

"तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस कॉलेजात दुसरा आहे का?"

सरांनी बाटलीतलं पाणी पिलं. सगळं.

अहवाल येईपर्यंत यादीतलं माझं नाव तसंच ठेवलं. फक्त म्होरं लिहिलं, 'राखून ठेवले'. हॉस्टेलच्या बाथरूमात नंबर लावलेल्या बादलीवर लिहित्यात तसं!

*

घरी सांगायची हिंमत होईना.

कारण आबांनी आख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंतं. पंक्चर काढायला कोणबी आलं की चाक खोलायच्या आधी सांगायचे, "पोरगं विधानभवनात चाललंय."

पावणं विचारायचं, "निवडून आलं व्हय?"

आबा म्हणायचे, "यील की!"

वर नवीन बॅगबी आणली. लाल, चाकांची, नवरीला देत्यात तसली. मी म्हटलं, "आबा, अजून लई दिवस हाईत की." तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझं नाव एकदा कुठल्यातरी चांगल्या यादीत आलंय. आजपर्यंत हजेरी कमी पडलेल्यांच्याच यादीत बघितलंय मी."

मी दारातनं आत-बाहेर करताना ती लाल बॅग माझ्याकडं बघायची. मी दुसरीकडं बघायचो.

*

माझ्यासारख्याचं नाव यादीत आलंच कसं, असं तुम्ही म्हणत असणार. ते ह्या सगळ्याच्या आधीचं.

शनिवारच्या कामातलं एक काम म्हंजे आमदारांना प्रश्न काढून द्यायचे. चांगला असंल तर ते खरोखरच विधानसभेत पाठवत्यात. ऋतुजानं दुधावर काढला, सागऱ्यानं उसावर. मला काय सुचंना. मी तवा रोज उशिरा यायचो आणि सरांना रोज एकच कारण सांगायचो, "सर, एसटी थांबलीच न्हाय." निम्म्या वेळा ते खरं असायचं. निम्म्या वेळा मीच थांब्यावर नसायचो.

तेच लिहिलं: 'हातकणंगलेहून सकाळी कोल्हापूरला येणारी एसटी बस विद्यार्थ्यांना न घेताच थांब्यावरून पुढे जाते, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने त्याबाबत कोणती कार्यवाही केली आहे?'

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाले, "तुला प्रश्न विचारता येतो."

मला आजपर्यंत कुठल्या मास्तरनं असलं काय म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी तासभर पाय हलवला न्हाय.

प्रश्न खरंच गेला की! आणि एक दिवस थांब्यावर एसटीचे साहेब हजर, हातात घड्याळ धरून. तवापासनं एसटी टायमावर. थांबत्या म्हंजे थांबत्याच. मी लांब चहाच्या गाड्यावर असलो तरी ड्रायव्हर हॉर्न मारतोय, "चला आमदार!"

त्याच्यानंतर एकदा मी उशिरा गेलो. सर फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले, "सन्माननीय सदस्य, आज शासनाकडून काय राहिलं?"

शासनानं कार्यवाही केली आणि माझंच वाटोळं झालं!

*

राजदंड गेला तसा मी शोधायला लागलो. हॉस्टेलच्या टाकीत बघितलं, नाटकवाल्यांच्या पेटीत बघितलं. कुणी गदा म्हणून नेला असंल तर? शेवटी ज्या तालमीनं मुदगल दिलेली तितंच गेलो. म्हटलं, फिरून परत आली असंल.

वस्ताद लाल मातीत उभे होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे आमची मुदगल हरवलीसा?"

"मी न्हाय वस्ताद!"

"हरवली का न्हाय?"

"हरवली."

"मग काढ बैठका."

आमच्या सरांच्या चौकशीपेक्षा ही चौकशी बरी, लगेच निकाल! चार दिवस मला जिना उतरता येत नव्हता.

*

आता राजदंड न्हाय म्हटल्यावर सभागृह कसं भरवायचं? ऋतुजा म्हटली, "राजदंडाशिवाय मी खुर्चीवर बसणार न्हाय."

सागऱ्यानं तोड काढली. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर आडवा बांधून घरच्या रानातला ऊस घेऊन आला. चांगला जाडजूड, शेंड्याला पाचट तशीच. म्हटला, "कोल्हापूरच्या विधानसभेला ह्याच्यापेक्षा बरा राजदंड सापडणार हाय व्हय?"

ऊस खुंट्यांवर चढला. मार्शल म्हणून एन.सी.सी.ची दोन पोरं होती, त्यांनी त्याला सलामी दिली.

त्या दिवशी विषय होता ऊसदर! अर्ध्या तासात दोन्ही बाजू खुर्च्यांवर. मी घोषणा द्यायलो, सागऱ्या मंत्री म्हणून उत्तर द्यायला उभा, त्याचं कोण ऐकंना. तेवढ्यात माझ्या बाजूची पोरं पळत पुढं गेली आणि राजदंड उचलला. मला वाटलं बाहेर पळवणार. कुठलं काय! गुडघ्यावर घेऊन काडकन मोडला आणि वाटून घेतला!

अध्यक्ष वरडायल्या, "शांतता! शांतता राखा!" आणि सगळं सभागृह सालटं सोलायलंय. मंत्रीबी खायलागले. मार्शलबी.

ऋतुजानं टेबलावर हात आपटला. "सभागृह तहकूब!"

मग खालच्या आवाजात म्हटली, "मला एक कांडं ठेवा की रं."

नेजकर सर खिडकीशी आमच्याकडं पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे हलायलेत बघून मी सागऱ्याला म्हटलं, "मेलो! सर लई चिडल्यात."

*

सभागृहात काही शब्द चालत न्हाईत, ते असंसदीय. एखादा खोटं बोलायला असंल तर 'खोटारडा' म्हणता येत न्हाय. 'सन्माननीय सदस्यांचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही' असं म्हणायचं. आता कोल्हापूरच्या पोराला शिव्या सोडून बोलायला सांगणं म्हंजे मिसळीतला कट काढून घ्यायचा!

पण सागऱ्यानं मनावर घेतलं. सरावासाठी घरीबी तसंच बोलायला लागला. त्याचे वडील, आण्णा, जुन्या वळणाचे शेतकरी, पहाटे देवळात जाऊन आल्याशिवाय पाणीसुद्धा पीत न्हाईत. ते म्हणाले, "सागर, काल मोटर चालू करायला सांगितलेलं. तू केली न्हाईस."

सागऱ्या उभा राहिला. "आण्णा, आपलं विधान वस्तुस्थितीला धरून नाही."

"आं?"

"आपण सभागृहाची दिशाभूल करत आहात."

आण्णांनी हातातला पाइप खाली ठेवला. "हे असलं शिकवत्यात व्हय रं तितं? त्यापेक्षा शिव्या दे की सरळ! निदान कळतंय तरी!"

मोटर खरंच चालू केली नव्हती, हे सागऱ्यानं आम्हाला सांगितलं. आण्णांना अजून सांगितलं न्हाय.

*

आमदारांच्या ऑफिसात मला वाटलेलं कायदे-बियदे लिहायला लावतील. पहिल्या शनिवारी काय लावलं, तर लग्नपत्रिका तारखेप्रमाणं लावायला! आमदार लग्नाला आला न्हाय तर म्हणे लोक पाच वर्षं ध्यानात ठेवत्यात. रस्ता झाला न्हाय तर चालतंय!

एकदा एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. साहेब एकीकडं गेले, आणि दुसरीकडं प्रतिनिधी म्हणून कुणाला पाठवायचं? सागऱ्या पांढऱ्या कुडत्यात आलता. तेवढ्यावर त्याची निवड झाली. संगं मी.

कागलच्या बाजूचं लग्न. आमची गाडी थांबली तशी चार पावणं धावत आली, सागऱ्याला फेटा बांधला, आणि अक्षता पडायच्या आधीच त्याच्या हातात माइक दिला. "साहेबांचे प्रतिनिधी दोन शब्द बोलतील."

सागऱ्याला एकाच ठिकाणी बोलायची सवय. छाती फुगवून म्हटला, "अध्यक्ष महोदय, मी या विवाहाला पाठिंबा देण्यासाठी उभा आहे."

मला गप बसवलं न्हाय. सवय की! सगळ्यात मागनं मी वरडलो, "हरकतीचा मुद्दा!"

वाजंत्रीवाला थांबला. आंतरपाट धरलेले मामा माझ्याकडं बघायलेत. आणि नवऱ्याचं तोंड असं पांढरं पडलं, असं पांढरं पडलं... त्यानं हळूच नवरीच्या भावाला विचारलं, "हे कोण?"

आम्ही जेवलो न्हाय. गाडी चालू होतीच.

सोमवारी सरांपर्यंत गेलं सगळं. मला केबिनमधी बोलावलं. मला वाटलं, झालं, आता 'राखून ठेवले'चं बी मिटलं. सर म्हणाले, "नियमाप्रमाणे हरकतीचा मुद्दा उपस्थित करताना आधी जागेवर उभं राहायचं असतं. तू उभा होतास का?"

"व्हय सर, पळायच्या तयारीत."

सर कपाटाला पाठ लावून उभे होते. मग म्हणाले, "ओंकार, राजदंड तू घेतला नाहीस ना?"

"न्हाय सर. घेणार होतो. पण न्हाय घेतला."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. आणि मग घाईघाईनं, "म्हणजे, तसं वाटतं. जा."

*

यादी मुंबईला पाठवायची वेळ आली तरी अहवाल न्हाय. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "अहवाल नाही तर सभागृहानंच ठरवावं." म्हणून शेवटची बैठक लागली. विषय एकच, सन्माननीय सदस्य हातकणंगले यांच्या निलंबनाचा ठराव. ठराव झाला की यादीतनं नाव बाद.

वर गॅलरीत मॅडम बसलेल्या. शेजारी नेजकर सर. आणि कडेच्या खुर्चीवर, दुकान बंद करून आलेले आबा! त्यांना कुणी सांगितलं माहीत न्हाय. बोटांना ट्यूबचं काळं तसंच, आणि मांडीवर ती लाल बॅग. सरळ घेऊनच आलते.

ठराव मांडायची पाळी सागऱ्यावर. सत्ताधारी पक्षाचा मंत्रीबी तोच, प्रतोदबी तोच, आता काय करणार? उभा राहिला, कागद धरला. "अध्यक्ष महोदय, मी असा ठराव मांडतो की... हातकणंगले यांना... ओंक्या, सॉरी रं भावा."

"शेवटचं वाक्य कामकाजातून काढून टाका," ऋतुजा म्हटली आणि ओढणीनं नाक पुसलं.

मग मला बोलायला दिलं. मी उभा राहिलो. चेष्टा करायला चांगली जागा होती, आख्खं कॉलेज बघायलेलं. पण खाली बघितलं तर पाय हलत नव्हता.

"मी पळवणार होतो," मी म्हटलं. "पोतंबी आणलंतं. पण मी पळवला न्हाय. मला मुंबईला जायचंय. प्रश्न विचारला की तितं कोण उठून उत्तर देतंय, ते बघायचंय मला. एवढंच."

बसलो.

ऋतुजा म्हटली, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

मग मागनं कुठनंतरी एक बारीक 'होय' आलं. मग अजून एक.

तेवढ्यात गॅलरीत खुर्ची सरकली. नेजकर सर उभे.

"अध्यक्ष महोदया, मला बोलायचं आहे."

"सर, तुम्ही गॅलरीत हायसा. गॅलरीतल्या माणसाला सभागृहात बोलता येत न्हाय."

"पण हे अत्यंत महत्त्वाचं..."

"तुम्हीच शिकवलंय सर. बसा खाली!"

आणि सर बसले! क्षणभर बसले, मग उठले आणि गॅलरीच्या दारातनं निघून गेले. मला वाटलं, संपलं. सरांनीबी सोडलं.

ऋतुजानं परत विचारलं, "ठरावाच्या बाजूने..."

धाडकन हॉलचं दार उघडलं.

नेजकर सर पळत आत आले. चष्मा एका कानावर लोंबकळायलेला, शर्ट बाहेर आलेला, आयुष्यात पहिल्यांदा केस उभे. आणि खांद्यावर राजदंड! वरचा तांब्या खडखड वाजायलाय, आणि सर दोन्ही बाजूंच्या बाकांच्या मधनं, अध्यक्षांच्या समोरनं, नुसते सुटलेत! मार्शलांनी राजदंड बघितला आणि सवयीनं सलामी ठोकली. सर थेट पलीकडच्या दाराला गेले. दाराला बाहेरनं कडी! तसेच माघारी फिरले, टेबलाला एक आख्खी चक्कर मारली, आणि टेबलाला धरून उभे राहिले.

आख्खं सभागृह खुर्च्यांवर. कोण वरडायलंय, कोण शिट्ट्या मारायलंय.

"शांतता!" ऋतुजा म्हटली. "सर... हा तुमच्याकडं?"

"मी घेतला होता," सर म्हणाले. धाप लागलेली. "त्या दिवशी संध्याकाळी. हॉलमध्ये कोणी नव्हतं. इतकी वर्षं मुलांना सांगत आलो, याला हात लावायचा नाही. मला फक्त... केबिनपर्यंत पळून बघायचं होतं. सकाळी लवकर परत ठेवणार होतो. पण सकाळी हा ओंकार माझ्याही आधी आला. आणि मग मॅडम, तुम्ही मलाच चौकशी समितीचा अध्यक्ष केलंत."

मॅडमनी तोंडावर पदर धरलेला. रडायलेत का हसायलेत कळायला मार्ग न्हाय.

"रोज अहवाल लिहायला बसायचो. रोज पहिल्याच वाक्याला अडायचो." सरांनी राजदंड खुंट्यांवर ठेवला, तांब्या नीट सरळ केला. "यादीतून कुणाला काढायचं असेल तर मुलांबरोबर जाणाऱ्या शिक्षकाला काढा. हातकणंगले यांना प्रश्न विचारता येतो. त्यांना जाऊ द्या."

"ठराव मागे घेतो!" सागऱ्या बाकावर चढून वरडला. "घेतला मागे! घेतला!"

वर आबा शेजारच्या मॅडमना विचारायलेत, "म्हंजे जातंय न्हवं पोरगं?"

ऋतुजानं टेबलावर हात आपटला. "ठराव मागे घेण्यात आला आहे. हातकणंगले, बसा खाली. आणि मार्शल, राजदंडाला हात लावल्याबद्दल सरांना बाहेर काढा. सन्मानानं काढा!"

एन.सी.सी.च्या पोरांनी सरांना दोन्ही दंडांना धरलं. सर मुकाट निघाले. दारापर्यंत गेले, थांबले, एक हात सोडवून चष्मा दुसऱ्या कानावर चढवला, आणि मागं वळून सागऱ्याच्या बाकाकडं बघितलं.

"मगदूम! काय म्हणालतास रं त्या दिवशी कॅन्टीनमधी? एकाच्यातबी न्हाय व्हय?"